पंडिता रमाबाई : आपल्या, पण कोणाच्या?



मागच्या कोजागिरीला आपण सगळे अजमानच्या समुद्रकिनाऱ्यावर जमलो होतो. थर्मासमध्ये मसाला दूध, डब्यांमध्ये भेळेचे साहित्य, चटया, गाण्यांच्या भेंड्या, असा नेहमीचा थाट होता. वसईहून नुकतेच इथे आलेले एक कुटुंब त्या रात्री पहिल्यांदाच आले होते. आडनाव पोर्तुगीज वळणाचे. त्या घरच्या ताईंनी भेंड्यांमध्ये सगळ्यांना हरवले. अभंग, भावगीत, लावणी, नाट्यगीत, कोणतेही अक्षर द्या, ताईंचे गाणे तयार! आम्ही सगळे थक्क झालो आणि आमच्यापैकीच एकाने अगदी कौतुकाने विचारले, की ताई, तुम्हाला मराठी इतके छान कसे काय येते?

ताई हसल्या. आपण मराठी शाळेत शिकलो आणि पुढे मराठी शाळेतच शिकवले, असे त्यांनी सांगितले. मग दूध पिता पिता सहज म्हणाव्यात तशा म्हणाल्या, की हा प्रश्न मुंबईत विचारतात, पुण्यात विचारतात, इथे तरी कोणी विचारणार नाही असे वाटले होते.

विचारणाऱ्याच्या मनात काही वाईट नव्हते, हे आम्ही छातीठोकपणे सांगू शकतो. पण घरी परतताना गाडीत आम्ही गप्पच होतो. एखाद्याचा धर्म वेगळा म्हटला की त्याची भाषा, त्याचे पदार्थ, त्याची गाणीसुद्धा आपण उसनी समजतो की काय? हा विचार काही डोक्यातून जाईना. म्हणून या वेळच्या 'ओळख थोरांची' या सदरासाठी आम्ही एक असे नाव निवडले आहे, ज्यांना हाच प्रश्न आयुष्यभर चिकटून राहिला. पंडिता रमाबाई. शाळेच्या पुस्तकात आपण त्यांच्यावर दोन-चार ओळी वाचलेल्या असतात. त्यापलीकडच्या रमाबाई मात्र आपल्यासारख्या घर सोडून परदेशी राहिलेल्या माणसांना जास्त जवळच्या वाटतील.

रानातले बालपण

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा, आजच्या कर्नाटकातल्या सह्याद्रीच्या रानातला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे संस्कृत पंडित. त्या काळी बायकांनी संस्कृत शिकणे म्हणजे अधर्म. अनंतशास्त्रींनी मात्र आपल्या पत्नीला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकवायला घेतले. त्याबद्दल त्यांना उडुपीला धर्मपंडितांपुढे उभे राहावे लागले. शास्त्राचेच आधार देऊन त्यांनी आपली बाजू मांडली. पुढे या लक्ष्मीबाईंनीच धाकट्या रमेला संस्कृत शिकवले. ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. रमाबाईंना बंडखोरी परदेशात कोणी शिकवली नव्हती. ती त्यांच्या घरातच होती, आणि तीही शेंडी राखणाऱ्या, सोवळे पाळणाऱ्या घरात!

हे कुटुंब पुढे तीर्थयात्रेला निघाले ते कायमचेच. देवळात पुराण सांगायचे आणि मिळेल त्या दक्षिणेवर गुजराण करायची. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात वडील, आई आणि थोरली बहीण थोड्या थोड्या अंतराने गेली. उरले रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास. ही दोघे उपाशीतापाशी, बरेचदा पायीच, देशभर हिंडली आणि १८७८ मध्ये कलकत्त्याला पोचली. विशीतली मुलगी भागवताचे हजारो श्लोक तोंडपाठ म्हणते आणि संस्कृतात भाषण करते, हे पाहून तिथले विद्वान चकित झाले. 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या त्यांना तिथे मिळाल्या.

१८८० मध्ये भाऊही गेला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलांशी नोंदणी पद्धतीने लग्न केले. ते शूद्र मानल्या गेलेल्या जातीतले. प्रांत वेगळा, भाषा वेगळी, जात वेगळी. १८८१ मध्ये मनोरमा ही मुलगी झाली आणि १८८२ च्या फेब्रुवारीत पटकीने पती गेले. वयाच्या चोविसाव्या वर्षाच्या आत आई, वडील, बहीण, भाऊ आणि नवरा असे सगळे गमावलेली ही बाई तान्ही मुलगी घेऊन पुण्याला आली.

पुण्याने त्यांचे स्वागतच केले. न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर यांच्यासारखी मंडळी पाठीशी होती. १८८२ मध्येच त्यांनी आर्य महिला समाज काढला, 'स्त्रीधर्मनीति' हे पुस्तक लिहिले आणि सरकारच्या हंटर शिक्षण आयोगापुढे साक्ष दिली. मुलींना शिकवायला शिक्षिका हव्यात आणि बायकांना तपासायला स्त्री डॉक्टर हव्यात, हे त्यांनी तिथे ठणकावून सांगितले. तोवर रमाबाई सगळ्यांच्या 'आपल्या' होत्या.

वाँटेजची भाकरी आणि क्रूसावरची अक्षरे

डॉक्टर व्हायचे म्हणून १८८३ मध्ये रमाबाई इंग्लंडला निघाल्या. प्रवासखर्चासाठी स्वतःच्या पुस्तकाचे उत्पन्न कामी आले. बरोबर दोन वर्षांची मनोरमा आणि आनंदीबाई भगत ही मैत्रीण. वाँटेज या गावी अँग्लिकन जोगिणींच्या मठात त्यांनी मुक्काम केला. या मठाच्या सिस्टर्स पुण्यात काम करत, त्यामुळे ओळख होती. राहण्याजेवणाच्या बदल्यात भारतात जाणाऱ्या सिस्टर्सना मराठी शिकवायचे, असे ठरले. परक्या देशात कोणाच्या उपकाराखाली राहायचे नाही हा त्यामागचा हेतू होता.

तिथे गेल्यावर काही महिन्यांतच आनंदीबाईंनी आत्महत्या केली. त्या धक्क्याची कल्पना आपण घरापासून दूर राहणारी माणसे करू शकतो. पुढे ऐकण्याच्या दोषामुळे रमाबाईंचे वैद्यकीय शिक्षणाचे स्वप्नही मावळले.

याच काळात, २९ सप्टेंबर १८८३ रोजी, रमाबाईंनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. पुढे त्यांनी स्वतः लिहिले त्यानुसार, समाजाने पतित ठरवलेल्या बायकांना तिथल्या सिस्टर्स मायेने कशा सांभाळतात हे पाहून त्यांचे मन वळले. विधवेला, चुकलेल्या बाईला पुन्हा उभे राहू देणारा धर्म त्यांना हवा होता. आपल्याकडे त्यांना तो दिसला नव्हता. हे त्यांचे मत होते. ते पटो वा न पटो, पण ते पोटासाठी किंवा कोणाच्या दबावाने बनलेले नव्हते, हे पुढच्या घटनांवरून दिसते.

महाराष्ट्रात गदारोळ उठला. काल ज्यांना विद्येची देवता म्हटले, त्यांना आज धर्मबुडवी म्हटले गेले. महात्मा फुले यांनी मात्र १८८५ मध्ये 'सत्सार'मधून रमाबाईंची बाजू घेतली. असा आवाज विरळाच होता.

आता दुसरी बाजू पाहू. बाप्तिस्मा घेतला म्हणजे इंग्लंडच्या चर्चने त्यांना पूर्ण 'आपले' मानले का? तसेही नाही. रमाबाई शाकाहारी होत्या आणि ख्रिस्ती झाल्यावरही शाकाहारीच राहिल्या. पुडिंगमध्ये अंडे असेल तर त्या खात नसत. साडी सोडली नाही. त्यांच्या धर्ममाता सिस्टर जेराल्डीन यांना हा जातीचा जुना ताठा वाटे. रमाबाईंचे म्हणणे सरळ होते. देवाने हे खाऊ नका, ते खा असे सांगितलेले नाही, मग माझ्या ताटात काय असावे ते मी ठरवीन. लग्नकार्यात किंवा ऑफिसच्या पार्टीत आपल्या ताटाकडे पाहून कोणीतरी भुवया उंचावतो, तेव्हा आपल्याला काय वाटते ते आठवून पाहा.

क्रूसाचा प्रसंग तर आम्हाला सगळ्यांत बोलका वाटतो. गळ्यातल्या क्रूसावर लॅटिन अक्षरे असावीत, असे सिस्टरना वाटत होते. रमाबाईंनी विचारले, की लॅटिन मलाही कळत नाही आणि माझ्या लोकांनाही कळत नाही, मग अक्षरे संस्कृत का नकोत? आमच्या जुन्या भाषेपेक्षा लॅटिनमध्ये पवित्र असे अधिक काय आहे? ख्रिस्त स्वीकारला म्हणून युरोप स्वीकारावा लागत नाही, एवढेच त्यांना सांगायचे होते.

१८८४ पासून त्या चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात शिकू आणि संस्कृत शिकवू लागल्या. भारतात जाऊ पाहणाऱ्या तरुण मुलांनाही त्यांनी शिकवावे असा विचार प्राचार्या डोरोथिया बील यांनी मांडला, तेव्हा हिंदुस्थानात काम करणाऱ्या बिशपांनी हरकत घेतली. बाईने पुरुषांना शिकवले तर भारतात तिची पत जाईल, असे त्यांचे म्हणणे. कलकत्त्यापासून पुण्यापर्यंत पुरुषांनी भरलेल्या सभा गाजवलेल्या रमाबाईंना हे ऐकून काय वाटले असेल! भारतात काय चालते हे भारतातून आलेल्या बाईला इंग्रज बिशप सांगत होते. धर्मसिद्धान्तांवरही त्यांचे वाद होत. माझी श्रद्धा ख्रिस्तावर आहे, एखाद्या चर्चच्या हुकमावर नाही, ही त्यांची भूमिका शेवटपर्यंत टिकली.

यातली एक गोष्ट आम्हाला फार आवडली. एवढे कडाक्याचे वाद घालूनही रमाबाई सिस्टर जेराल्डीनना पत्रांत 'आजीबाई' म्हणत राहिल्या. मतभेद झाले म्हणून नाते तोडायचे, हे त्यांच्या स्वभावात नव्हते.

अमेरिका : कौतुक आणि खडे बोल

११ मार्च १८८६ रोजी डॉ. आनंदीबाई जोशी यांना फिलाडेल्फियाला वैद्यकीय पदवी मिळाली. त्या सोहळ्यासाठी रमाबाई अमेरिकेला गेल्या आणि दोन वर्षांहून अधिक काळ राहिल्या. एक हिंदू राहिलेली, एक ख्रिस्ती झालेली, दोघीही मराठी आणि लांबच्या नात्यातल्या. त्या सभागृहात त्यांना वेगळे काढायला कोणी पुणेकर नव्हता!

१८८७ मध्ये त्यांनी उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजीत पुस्तक लिहिले. ते हजारोंनी खपले. त्याच वर्षी बॉस्टनला रमाबाई असोसिएशन स्थापन झाली आणि विधवांच्या शाळेसाठी दहा वर्षे मदत द्यायचे ठरले. परत आल्यावर १८८९ मध्ये त्यांनी अमेरिकेवर मराठीत प्रवासवर्णन लिहिले. तिथल्या स्त्रियांच्या संघटना, शाळा, उद्योग यांचे त्यांनी मनापासून कौतुक केले. पण काळ्या वर्णाच्या लोकांना आणि मूळ रहिवाशांना तिथे कशी वागणूक मिळते, हेही लिहायला त्या चुकल्या नाहीत. ज्यांनी पैसे दिले त्यांचे दोष सांगायला हिंमत लागते. आपल्या समाजाचे दोष परक्यांपुढे मांडले, असा आरोप त्यांच्यावर होतो. परक्यांचे दोष आपल्यापुढे मांडणारे हे पुस्तकही त्यांनीच लिहिले, हे सांगायचे मात्र राहून जाते.

शारदा सदन

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत चौपाटीला शारदा सदन सुरू झाले. विधवा मुलींना राहायला जागा आणि शिक्षण देणारी ही शाळा पुढच्या वर्षी पुण्याला आली. सुरुवातीच्या विद्यार्थिनींमध्ये गोदूबाई नावाची बालविधवा होती. १८९३ मध्ये धोंडो केशव कर्वे यांनी तिच्याशी पुनर्विवाह केला. त्याच या बाया कर्वे.

शाळेत धर्म शिकवायचा नाही, प्रत्येकीने आपला आचार पाळावा, असा करार होता. ब्राह्मण मुलींसाठी सोवळ्याचा स्वयंपाक होता. रमाबाई स्वतःच्या खोलीत प्रार्थना करत, पण दार बंद करत नसत. काही मुली आपणहून जाऊन बसू लागल्या. इथेच ठिणगी पडली. 'केसरी'ने टीकेची झोड उठवली. १८९३ मध्ये रानडे, भांडारकर यांच्यासारखे हितचिंतकही सल्लागार मंडळातून बाहेर पडले आणि पंचवीसएक मुलींना घरच्यांनी काढून नेले.

या प्रसंगात एकच बाजू खरी, असे आम्हाला म्हणवत नाही. मुलींच्या पालकांना शब्द दिला गेला होता आणि तो मोडतो आहे असे त्यांना वाटले. परक्या राज्यात, मिशनऱ्यांच्या पैशाच्या काळात ती भीती अगदी निराधार नव्हती. दुसरीकडे, स्वतःच्या खोलीत प्रार्थना करण्यासाठी दार लावून घ्यायला एखाद्या माणसाने का कबूल व्हावे, हा रमाबाईंचा प्रश्नही तितकाच खरा. पण दोन्ही बाजूंच्या भांडणात नुकसान झाले ते त्या पंचवीस मुलींचे. त्यांना कोणी विचारल्याचे दिसत नाही. १८९६ मध्ये कर्व्यांनी हिंदू विधवांसाठी वेगळा आश्रम काढला, त्यामागे हे सगळे वातावरण होते.

केडगाव

१८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला. लहानपणी दुष्काळात माणसे गमावलेल्या रमाबाई स्वतः तिकडे गेल्या आणि सुमारे तीनशे मुली, बायका घेऊन आल्या. पुण्याहून दौंडकडे जाणाऱ्या रेल्वेवर केडगावला त्यांची जमीन होती. तिथे मुक्तिसदन उभे राहिले. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर तिथली वस्ती दीड-दोन हजारांच्या घरात गेली. शारदा सदन मुख्यतः उच्चवर्णीय विधवांसाठी होते. केडगावला मात्र जात विचारली गेली नाही. विणकाम, तेलाचा घाणा, दुधाचा धंदा, छापखाना, अंध मुलींसाठी ब्रेलचे शिक्षण, असे एक बायकांनी चालवलेले गावच तिथे वसले. इथे ख्रिस्ती शिकवण उघडपणे दिली जाई. ते लपवण्याचे कारण नाही आणि रमाबाईंनीही ते लपवले नाही.

उतारवयात त्यांनी एक अचाट काम अंगावर घेतले. मराठी बायबल संस्कृतप्रचुर आहे, खेड्यातल्या बाईला ते कळत नाही, म्हणून मूळ हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी सगळे बायबल सोप्या मराठीत आणले. केडगावच्या छापखान्यात त्यांच्या मुलींनीच खिळे जुळवले. क्रूसावर संस्कृत अक्षरे मागणारी तरुणी आणि म्हातारपणी संस्कृत शब्द गाळून साधी मराठी लिहिणारी बाई, या दोघींचा आग्रह एकच होता. देव माझ्या माणसांच्या भाषेत बोलला पाहिजे.

१९१९ मध्ये सरकारने त्यांना कैसर-ए-हिंद पदक दिले. १९२१ मध्ये मनोरमा गेली. संस्थेची सगळी भिस्त तिच्यावर होती. त्यानंतर वर्षही झाले नाही, तोच ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंनी केडगावला देह ठेवला. मुक्तिसदन आजही तिथे आहे. भारत सरकारने १९८९ मध्ये त्यांचे टपाल तिकीट काढले.

आणि आपण?

आपण राहतो त्या देशात शेकडो देशांची माणसे शेजारी शेजारी राहतात. धर्म, पंथ, वंश, वर्ण यांवरून भेदभाव करण्याविरुद्ध इथे २०१५ मध्ये कायदा झाला आणि २०२३ मध्ये त्याची जागा नव्या कायद्याने घेतली. आपल्यातली कोणी शारजाच्या यर्मूक भागातल्या चर्चमध्ये जातात, कोणी जेबेल अलीच्या देवळात, कोणी कोपऱ्यावरच्या मशिदीत. कायद्याने जे करायचे ते केले. पण कोजागिरीच्या रात्री कौतुकाने विचारलेला प्रश्न कोणत्याच कायद्यात बसत नाही. तो आपणच आवरायचा असतो.

मराठी कोणा एका धर्माची नाही, हे खरे तर आपल्याला माहीत आहे. १९९० च्या पुण्याच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष संतसाहित्याचे अभ्यासक डॉ. यू. म. पठाण होते. २०२० च्या उस्मानाबादच्या, म्हणजे आजच्या धाराशिवच्या, संमेलनाचे अध्यक्ष वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो होते. टाळ्या आपणच वाजवल्या होत्या. तरी चटईवर शेजारी बसलेल्या ताईंना आपण तोच प्रश्न विचारला.

रमाबाईंना पुण्याने म्हटले, तुम्ही ख्रिस्ती, म्हणजे आमच्या नाही. वाँटेजने म्हटले, तुम्ही आमच्या, तर मग आमच्यासारख्या व्हा. दोघांचेही न ऐकता त्या साडी नेसून, शाकाहारी जेवून, मराठीत लिहीत राहिल्या. आमच्या मते त्यांचे मोठेपण यातच आहे. आपण कोण आहोत, हे ठरवायचा हक्क त्यांनी दुसऱ्या कोणाला दिला नाही.

जाता जाता एक सांगायचे आहे. मुलांच्या शुक्रवारच्या मराठी वर्गासाठी आपल्याला शिक्षिका हवी आहे. आम्ही त्या वसईच्या ताईंकडे गेलो, झाल्या प्रकाराबद्दल मनापासून माफी मागितली आणि वर्ग घ्याल का असे विचारले. त्यांनी चहा दिला, विचार करून सांगते म्हणाल्या. अजून होकार आलेला नाही. येईल तेव्हा कळवूच. तोपर्यंत मंडळात कोणी नवीन आले तर मराठी कसे येते हे विचारू नका. गाव कोणते ते विचारा, चहात साखर किती ते विचारा, आणि सरकून बसायला जागा द्या.

लेख कसा वाटला ते जरूर कळवा. आपल्या घरी रमाबाईंवरचे किंवा त्यांनी लिहिलेले एखादे पुस्तक असेल तर मंडळाच्या वाचनालयासाठी पाठवा. मुलांनाही वाचायला मिळेल.